मावत नसेल तर कापू नका

वेबसाइट बनवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, मजकूर डब्याच्या, म्हणजे पानावर त्याला आखून दिलेल्या चौकोनाच्या, बाहेर येतोय तर काय करशील, तो विचार न करता सांगेल, ओव्हरफ्लो हिडन मार ना, म्हणजे बाहेर सांडणारं लपव. आणि मारतोही. स्क्रीन एकदम नीट दिसायला लागते, कडा सरळ, कार्ड एका उंचीचे, क्लायंट खूश, काम डिप्लॉय. पण बाहेर आलेला मजकूर कुठे गेलेला नसतो. तो तिथेच असतो, फक्त ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला दिसत नाही.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं हेच काम करतोय. द्राक्षवाले, लॉजवाले, पतसंस्था, क्लासेस, एखादी ग्रामपंचायत, असं सगळं. त्यातलं बरंचसं काम मराठीत. आणि माझं मत आता पक्कं झालंय की स्टाइलशीटमधल्या, म्हणजे पान कसं दिसायचं ते सांगणाऱ्या फाइलमधल्या, ज्या प्रॉपर्टीकडे (सेटिंगकडे) सगळ्यात कमी लक्ष देऊन सगळ्यात जास्त वापर होतो ती ही ओव्हरफ्लो, आणि तिचा फटका सगळ्यात आधी मराठी वाचणाऱ्याला बसतो. त्यावरच सविस्तर लिहायचंय, थोडं लांबेल.

आधी इतिहास, कारण त्याशिवाय आजचे घोळ कळत नाहीत. स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ची, तिच्यात ओव्हरफ्लो नावाची गोष्टच नव्हती. ती आली मे १९९८मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत, चार व्हॅल्यू घेऊन: व्हिजिबल (बाहेर सांडू दे), हिडन (कापून लपव), स्क्रोल (सरकवायची सोय दे) आणि ऑटो (गरज पडली तरच ती सोय दे). आणि यातली डीफॉल्ट कुठली, तर व्हिजिबल. म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाही तर मजकूर डब्याच्या बाहेर सांडेल, शेजारच्यावर चढेल, घाण दिसेल, पण दिसेल. नवीन पोरांना हे मूर्खासारखं वाटतं, असं कसं डीफॉल्ट ठेवलं म्हणतात. मला मात्र हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पान वाकडंतिकडं दिसलं तरी चालेल पण लिहिलेलं हरवता कामा नये, हा त्यामागचा विचार आहे, आणि सीएसएस ठरवणारी मंडळी आजही नवीन काही आणताना यात मजकूर हरवण्याचा धोका आहे का हे बघतात. व्हिजिबल कुरूप आहे म्हणूनच प्रामाणिक आहे, काहीतरी चुकलंय हे ते लगेच सांगतं.

मग ब्राउझर. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आलं २००१मध्ये आणि त्यानं व्हिजिबलचा वेगळाच अर्थ लावला, उंची दोनशे पिक्सेल सांगितली तरी मजकूर जास्त असेल तर डबाच ताणून मोठा करायचं. स्टँडर्डच्या दृष्टीनं चूक, पण लोकांना सवय लागली, पानंच्या पानं त्या भरवशावर बांधली गेली, आणि २००६मध्ये सातवी आवृत्ती नियमानं वागायला लागली तेव्हा ती तुटली. दुसरीकडे त्याच एक्सप्लोररनं एक कामाची गोष्टही दिली, आडवं वेगळं आणि उभं वेगळं सांगायची सोय, ओव्हरफ्लो-एक्स आणि ओव्हरफ्लो-वाय. ती आधी फक्त त्यांचीच होती, नंतर बाकीच्यांनी घेतली आणि मग स्टँडर्डमध्ये आली.

या एक्स-वायमध्ये एक गोम आहे जी अजूनही पोरांचा दिवस खाते. तुम्ही लिहिता आडवं हिडन, उभं व्हिजिबल. ब्राउझर उभ्याचं व्हिजिबल मानतच नाही, त्याचं गुपचूप ऑटो करतो, कारण एका दिशेला डबा स्क्रोल होणारा झाला की दुसऱ्या दिशेला तो उघडा राहू शकत नाही असा नियमच आहे. मग काय होतं, मेन्यूवर बोट ठेवलं की खाली उघडणारी यादी अर्धी कापली जाते किंवा तिथे एक फालतू स्क्रोलबार येतो, आणि पोरगं झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कुणाच्या वर दिसेल तो आकडा, वाढवत बसतं, ९९, ९९९, ९९९९. झेड-इंडेक्सचा काही संबंधच नसतो हो तिथे.

आता मी हे एवढं मनावर का घेतो ते सांगतो. निफाड तालुक्यात माझे मामा आहेत, कांदा आणि थोडी द्राक्षं. मामा रोज सकाळी चहा झाला की फोनवर बाजारभाव बघतात, लासलगावचा, पिंपळगावचा. एकदा मी तिथे होतो, मामा म्हणाले, "अरे, यात सरासरी भाव देतच नाहीत का रे? नुसता कमीत कमी अन् जास्तीत जास्त?" मी फोन घेतला. टेबलमध्ये शेतमाल, आवक, किमान, कमाल, एवढे रकाने दिसत होते आणि कमालच्या पुढे स्क्रीन संपत होती. बोटानं डावीकडे ओढलं, पान हललं नाही. फोन आडवा धरला, तेव्हा पाचवा रकाना निघाला, सर्वसाधारण दर, पण तोही अर्धाच. प्रत्येक ओळीत चार आकडी भावाचे पहिले दोन आकडे दिसत होते, पुढचे दोन काठाच्या पलीकडे. चार आकड्यांचा भाव दोन आकड्यांचा दिसतोय आणि कुठेही खूण नाही की पुढे काही आहे.

ज्याच्याकडे कांदा आहे त्याला किमान आणि कमालचा उपयोग कमी असतो, एखादी ट्रॉली फार चांगली निघाली की कमाल वर जातं, एखादी सडकी आली की किमान खाली येतं. ट्रॅक्टर आज काढायचा की दोन दिवस थांबायचं हे ठरतं त्या सर्वसाधारण दरावर. तोच रकाना कापलेला. आणि मामांना असं वाटलंच नाही की साइट बिघडलीय, त्यांना वाटलं ही माहिती देतच नाहीत. ते मार्केटातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून भाव विचारायचे. मी घरी येऊन ते पान लॅपटॉपवर उघडलं. अख्ख्या बॉडीला, म्हणजे पूर्ण पानाला, आडवं ओव्हरफ्लो हिडन लावलेलं होतं. म्हणजे कधीतरी कुणाला तरी मोबाइलवर पान आडवं हलताना दिसलं असणार, त्यानं ते हलणं बंद केलं, आणि हलणं बंद झालं म्हणजे काम झालं असं समजून निघून गेला.

उपाय केवढा आहे बघा. टेबलाभोवती एक डिव्ह, म्हणजे साधा डबा, घालायचा, त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्यायचं, झालं. टेबल आपल्या जागेत आडवं सरकतं, बाकीचं पान जागचं हलत नाही. अजून जरा जीव लावायचा असेल तर पहिला रकाना पोझिशन स्टिकी करून डावीकडे चिकटवून ठेवायचा, म्हणजे सरकवताना कुठली ओळ कांद्याची आणि कुठली टोमॅटोची हे विसरायला होत नाही. फक्त त्या रकान्याच्या आणि स्क्रोल होणाऱ्या डिव्हच्या मधे कुठे हिडन नको, नाहीतर स्टिकी त्यालाच चिकटायला जातं आणि काहीच होत नाही.

नाशिककराला खरं तर हे समजवायची गरज पडू नये. गंगापूर धरण भरलं की विसर्ग करावाच लागतो, पाणी वाढलं की आपण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, आणि ते पाणी पुढे नांदूर मधमेश्वरला आणि तिथून जायकवाडीला जातं. जास्तीचं पाणी नाहीच असं कुणी ठरवू शकत नाही, ते कुठल्या वाटेनं आणि किती वेगानं सोडायचं एवढंच आपल्या हातात असतं. मजकुराचंही तेवढंच आपल्या हातात आहे.

हे झालं आडवं. उभ्या दिशेला तर मराठीचे हाल अजून वेगळे आहेत, आणि त्यावर बोलताना मला कुणी फारसं दिसत नाही म्हणून इथे थांबतो जरा. डिझाइनची फाइल येते ती इंग्रजी मजकुरावर केलेली. इंग्रजी अक्षराला वर फार काही नसतं आणि खाली एखादी शेपटी. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऊकार, ऋकार. 'मूर्तींची' हा एक शब्द घ्या, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी दाटीवाटीनं, खाली ऊकार. आता हेडिंगला लाइन-हाइट (ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किती पट) १ दिलीय कारण इंग्रजीत ती ठसठशीत दिसते, आणि डब्याला हिडन. वरचं टोक आणि खालचं टोक सरळ छाटलं जातं. भाजीपाला घरपोच देणाऱ्या एका पानावर मी 'मुळा'चा 'मळा' झालेला पाहिलाय, खालचा उकार कापला गेला म्हणून. अनुस्वार गेला की 'कांदा'चा 'कादा'. अक्षर अर्धवट दिसलं असतं तर निदान कळलं असतं की काहीतरी कापलंय, इथे ते पूर्ण आणि चुकीचं दिसतं.

वर फॉन्टची भर. स्टाइलशीटमध्ये नाव एखाद्या इंग्रजी फॉन्टचं असतं, त्यात देवनागरी नसते, मग ब्राउझर सिस्टिममधला जो सापडेल तो उचलतो, अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला किंवा जुन्या मशीनवर मंगल. प्रत्येकाची उंची वेगळी. त्यामुळे डेव्हलपरच्या लॅपटॉपवर नीट दिसणारं हेडिंग दुकानदाराच्या फोनवर छाटलेलं असतं. माझा नियम सरळ आहे, मराठी मजकुराला लाइन-हाइट दीडच्या खाली नेत नाही, फक्त हेडिंगला फार तर सव्वा-दीडच्या मधे, आणि जिथे मजकूर आहे तिथे ठरावीक हाइट लिहीतच नाही, मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची, लिहितो. डब्याला वाढायची मुभा असली की निम्मे प्रश्न उगवतच नाहीत.

आता तीन टिंबांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त राग त्यांचाच येतो. टेक्स्ट-ओव्हरफ्लो एलिप्सिस, म्हणजे कापलेल्या मजकुराच्या शेवटी '…' लावणं. याची सुरुवातही एक्सप्लोरर ६मधूनच झाली, सफारीनं लवकर घेतलं, ऑपेरानं आपला प्रिफिक्स, म्हणजे नावाआधी स्वतःची खूण, लावून घेतलं, आणि फायरफॉक्सनं थेट सप्टेंबर २०११मध्ये, सातव्या आवृत्तीत. दहा वर्षं. तोपर्यंत लोक फायरफॉक्ससाठी जावास्क्रिप्टनं मजकूर मोजून कापत बसायचे. आणि हे चालतं फक्त एका ओळीवर, सोबत नोरॅप (ओळ मोडू नको) आणि हिडन लिहावं लागतं. दोन-तीन ओळींनंतर टिंबं हवी असतील तर लाइन-क्लॅम्प, जे अजूनही वेबकिटच्या (सफारीच्या इंजिनाच्या) जुन्या बॉक्सवाल्या पद्धतीनं, प्रिफिक्ससकट लिहावं लागतं. गंमत म्हणजे तोच प्रिफिक्सवाला प्रकार फायरफॉक्सनंही जुलै २०१९मध्ये, ६८व्या आवृत्तीत घेतला, कारण सगळी वेब त्यावरच उभी होती. सपोर्टच्या दृष्टीनं आज प्रश्न नाही, सगळीकडे चालतं.

प्रश्न भाषेचा आहे. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीकडे येतो, शेवट कापला तरी 'नाही' शिल्लक राहतं. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. 'उद्या सिडको आणि सातपूर भागात पाणीपुरवठा बंद राहणार नाही.' याला एका ओळीत बसवून टिंबं लावा. 'उद्या सिडको आणि सातपूर भागात पाणीपुरवठा बंद राहणार…' झालं, लोकांनी रात्रीच पिंप भरून ठेवले. 'बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळणार…' वाचलं आणि माणूस निश्चिंत झाला. टिंबं दिसली म्हणून कुणी पुढे वाचायला जाईल असं आपण समजतो, पण वाक्य जर तिथेच पूर्ण झाल्यासारखं वाटत असेल तर कोण जाईल? कुणी जात नाही. म्हणून सूचना, अटी, नोटीस, आरोग्याची माहिती, यांना मी टिंबं लावू देत नाही. डिझाइनर म्हणतात कार्डांची उंची सारखी राहत नाही. नसू दे. ग्रिडमध्ये, म्हणजे सीएसएसच्या ओळी-रकान्यांच्या मांडणीत, एका ओळीतली सगळी कार्डं सगळ्यात उंच कार्डाएवढी होतात, डीफॉल्टलाच होतात, त्यासाठी कुणाचा मजकूर कापायला नको.

टिंबांबद्दल अजून एक. सीएसएस कापतं ते जागा बघून, आणि त्यातल्या त्यात अक्षर सांभाळून. पण पुष्कळ ठिकाणी मजकूर पानावर यायच्या आधीच सर्व्हरवर किंवा स्क्रिप्टमध्ये आकडा मोजून कापलेला असतो. 'त्र्यंबकेश्वर' हा आपल्याला पाच अक्षरांचा शब्द, त्र्यं-ब-के-श्व-र. कॉम्प्युटरला तो तेरा तुकड्यांचा. चौथ्या तुकड्यावर कापला तर हातात पाय मोडलेलं 'त्र्' उरतं. जगातल्या लिपी कॉम्प्युटरमध्ये कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या युनिकोडनंच जोडाक्षर हे एक अक्षर म्हणून धरायचा नियम देवनागरीसाठी आणला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. तेव्हा कापायचंच असेल तर ते काम ब्राउझरला करू द्या, आपण आकडे मोजू नका.

आता नव्या गोष्टीकडे, जी मला मनापासून आवडते. ओव्हरफ्लो क्लिप. हिडन आणि क्लिप दिसायला सारखेच, दोन्ही कापतात, मग वेगळं काय? हिडन वरून बंद दिसत असला तरी आतून तो स्क्रोल होणारा डबाच असतो. बोटानं सरकत नाही एवढंच, कोडनं सरकतो, लिंकनं सरकतो, टॅबनंही सरकतो. बघा करून, हिडन डब्याच्या लपलेल्या भागात एखादं बटण ठेवा आणि कीबोर्डवर टॅब दाबत जा. बटणावर फोकस गेला की डबा आतल्या आत सरकतो, वरचा मजकूर गायब होतो, आणि माउसवाल्याला तो परत आणायला काही मार्गच नाही, कारण स्क्रोलबार नाही. क्लिप खरोखर कापतं, स्क्रोलचा डबा तयारच करत नाही. त्यामुळे आतलं स्टिकी बिघडत नाही. आणि वर सांगितलेली एक्स-वायची गोमही इथे नाही, आडवं क्लिप आणि उभं व्हिजिबल असं खरंच लिहिता येतं, मेन्यू खाली मोकळा उघडतो.

सपोर्ट बघायचा तर फायरफॉक्सकडे हे पूर्वीपासून स्वतःच्या वेगळ्या नावानं होतं, खऱ्या नावानं आलं सप्टेंबर २०२०मध्ये, ८१व्या आवृत्तीत. क्रोमला एप्रिल २०२१, आवृत्ती ९०. सफारी सगळ्यात शेवटी, सप्टेंबर २०२२, आवृत्ती १६. आता बेसलाइन नावाची एक मोजणी आहे, चारही मुख्य ब्राउझरमध्ये एखादी गोष्ट आली की तिथून तीस महिन्यांनी ती सर्वत्र उपलब्ध मानायची. त्या हिशोबानं क्लिप मार्च २०२५मध्ये पास झालं. हिरवी खूण.

पण ही हिरवी खूण कुणाच्या हातातल्या फोनची? आयफोन ७ घ्या. तो आयओएस १५च्या पुढे जातच नाही. आयफोनवर सफारी सिस्टिमसोबतच येतं, आणि आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत इंजिन अॅपलचंच असतं. म्हणजे त्या फोनवर कुठलाही ब्राउझर टाका, क्लिप नाही म्हणजे नाही. अँड्रॉइडवर हिशोब वेगळा, तिथे क्रोम स्वतंत्र अपडेट होतं, पण अँड्रॉइड ७ला क्रोमनं ११९ला सोडलं, तिथून पुढचं काही मिळत नाही. क्लिप आहे, पण स्क्रोलबारची जाडी ठरवणारी प्रॉपर्टी, जी क्रोमला १२१मध्ये आली, ती नाही. आणि हे फोन लोकांच्या हातात आहेत. घरात नवा फोन आला की जुना आईला जातो, मग गावाकडे जातो, मग कामावर येणाऱ्या पोराला जातो. कुठल्या ब्राउझरला काय चालतं ते सांगणारं सपोर्ट टेबल बघताना मला आधी आठवतं ते हे.

म्हणून लिहिताना दोन ओळी लिहायच्या. आधी ओव्हरफ्लो हिडन, त्याच्या खाली ओव्हरफ्लो क्लिप. ज्याला क्लिप कळतं तो दुसरी ओळ घेतो, ज्याला कळत नाही तो ती सोडून देतो आणि पहिलीवर राहतो. सीएसएसचा हा स्वभाव मला फार आवडतो, न कळलेलं शांतपणे बाजूला ठेवायचं आणि कळलेलं करायचं. जुन्याला जुनं मिळतं, नव्याला नवं, कुणाचं पान बंद पडत नाही.

जुन्याचं आता पुष्कळांना आठवतही नसेल. अँड्रॉइड २.३च्या ब्राउझरमध्ये डब्याच्या आत स्क्रोल व्हायचंच नाही, ऑटो लिहा नाहीतर स्क्रोल लिहा, आतला मजकूर कापलेलाच. आयफोनवर आयओएस ५ येईपर्यंत आतला डबा सरकवायला दोन बोटं लागायची आणि हे कुणालाही माहीत नव्हतं. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या लायब्ऱ्या निघाल्या, बोटाची हालचाल मोजून डबा सरकवणाऱ्या. आयओएस ५ला २०११मध्ये एक वेगळी प्रॉपर्टी आली ती लिहिली की सरकणं मऊ व्हायचं, आणि २०१९मध्ये आयओएस १३ला तिचीही गरज संपली. पॉपअप उघडल्यावर मागचं पान हलू नये म्हणून बॉडीला हिडन द्यायचं तर आयफोन सफारी ते कितीतरी वर्षं मानत नव्हतं, तेही १६व्या आवृत्तीत जाऊन सुटलं. त्या सगळ्या काळात सपोर्ट टेबलमध्ये 'सपोर्ट आहे' असंच लिहिलेलं असायचं, कारण प्रॉपर्टी १९९८ची. प्रॉपर्टी ओळखणं आणि माणसाला मजकुरापर्यंत पोचू देणं यात एवढं अंतर असतं.

आणि आज अंतर कुठे आहे, तर स्क्रोलबारमध्ये. मोबाइलवर तो दिसत नाही, मॅकवर २०११च्या लायनपासून तो हात लावेपर्यंत लपलेला. मामांच्या टेबलाला ऑटो दिलं तरी त्यांना कसं कळणार की हे सरकतं? म्हणून मी रकान्यांची रुंदी अशी ठेवतो की काठावर एक रकाना मुद्दाम अर्धा दिसेल, पण आकड्याच्या मधोमध नाही, रकान्याच्या नावाच्या मधोमध, 'सर्वसा' एवढं दिसलं की बोट आपोआप पुढे ओढतं. कडेला हलकी सावली. आणि त्या डिव्हला टॅबइंडेक्स शून्य आणि एक नाव, म्हणजे कीबोर्डवाल्याला आणि स्क्रीनरीडरवाल्यालाही (पान मोठ्यानं वाचून घेऊन ऐकणाऱ्यालाही) तिथे पोचता येतं.

एक जागा लोक विसरतातच, ती म्हणजे प्रिंट. सीबीएसजवळ, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्टँडजवळ, कोर्टाच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात जरा वेळ उभं राहा. माणूस मोबाइल पुढे करतो, हा फॉर्म काढून द्या. फॉर्म, अटी, यादी, जे काही असेल ते स्क्रोल होणाऱ्या डब्यात. कागदाला स्क्रोल नाही, मग जेवढं त्या डब्याच्या खिडकीत दिसत होतं तेवढंच छापून येतं, बाकी कोरा कागद. दुकानदार बिचारा तुकड्यातुकड्यानं स्क्रीनशॉट काढून प्रिंट देतो आणि प्रत्येक पानाचे पैसे लागतात. प्रिंटच्या स्टाइलमध्ये हाइट ऑटो आणि ओव्हरफ्लो व्हिजिबल, एवढंच लिहायचं असतं, पाच मिनिटांचं काम, पण कुणी प्रिंट काढून बघतच नाही.

अक्षराचा आकारही तसाच. घरातली वयस्कर माणसं फोनचा फॉन्ट मोठा करून ठेवतात. ठरावीक उंचीच्या बटणात 'पुढे जा' लिहिलेलं असतं, फॉन्ट वाढला की 'पुढे' राहतं, 'जा' खाली जाऊन कापलं जातं. अॅक्सेसिबिलिटीची जी जागतिक नियमावली आहे तिच्या २.१ आवृत्तीत, जून २०१८मध्ये, स्पष्ट लिहिलंय की ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर न हरवता आणि दोन्ही दिशांना सरकवावं न लागता वाचता आला पाहिजे, मोठ्या टेबलांसारख्या गोष्टींना सूट देऊन. अक्षर दुप्पट केलं तरी काही हरवू नये हा नियम तर त्याच्याही आधीचा. हे नियम परदेशातल्या कुणासाठी नाहीत, माझ्या आईसाठी आहेत.

२०२७चा सिंहस्थ येतोय, नाशिक आणि त्र्यंबकेश्वर, राहण्याच्या, पार्किंगच्या, घाटाच्या रस्त्यांच्या माहितीची पानं आत्तापासून बनायला लागलीत. लोक ती उन्हात, गर्दीत, पाच टक्के बॅटरीवर, कुणाच्या तरी जुन्या फोनवर वाचणार आहेत. 'या मार्गाने प्रवेश मिळणार नाही' यातलं 'नाही' कापलं गेलं तर माणूस म्हातारे आईवडील आणि पोरंबाळं घेऊन उलट्या दिशेला चालत जाईल. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कामात मी आता सुरुवातीलाच सांगतो, डिझाइन मराठी मजकुरावर करून द्या, तेही खऱ्या मजकुरावर, 'इथे शीर्षक येईल' असं लिहून नाही. आणि तपासायला आमची एक यादी आहे, त्र्यंबकेश्वर, पिंपळगाव बसवंत, नांदूर मधमेश्वर, सुरगाणा, मूर्तींची, सर्वसाधारण दर, प्रवेश मिळणार नाही. प्रत्येक कार्ड, प्रत्येक बटण, प्रत्येक रकाना यात हे शब्द टाकून बघायचे, छोट्या स्क्रीनवर, फॉन्ट मोठा करून, आणि शेवटी एक प्रिंट काढून. ज्याला ही यादी हवी असेल त्यानं बिनधास्त घ्यावी आणि आपापल्या तालुक्यातली नावं तिच्यात घालावीत.